कोयता एकाच्या हातात, फिर्यादीत नावं सात

पत्र:

"मी करवीर तालुक्यातल्या एका गावची. अडीच महिन्यांपूर्वी बांधावरून भावकीत भांडण पेटलं आणि चुलत दिरानं आमच्या मालकांवर कोयता चालवला. उजव्या हाताची दोन बोटं अजून मिटत नाहीत, डोक्याला ११ टाके पडले. सीपीआरला, कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, ऑपरेशन झालं. ते बेशुद्ध होते म्हणून फिर्याद मी दिली. माझा भाऊ म्हणाला, त्यांच्या घरातल्या सगळ्यांची नावं घाल, म्हणजे वठणीवर येतील. म्हणून सात नावं घातली. खरं तर जागेवर तिघंच होते. एक पुतण्या त्या वेळी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पाळीवर होता. माझ्या मुलानं बापाला सोडवायला काठी उचलली होती, ते मी फिर्यादीत सांगितलं नाही. आता त्यांनी उलट फिर्याद दिली आहे आणि तिच्यात मुलाचं नाव आहे. तो पोलीस भरतीची तयारी करतोय. दीर ३८ दिवसांत जामिनावर सुटून आला, आम्हाला कुणी कळवलंसुद्धा नाही. रोज पाणंदीत ट्रॅक्टर आडवा लावतो आणि आमच्याकडं बघून हसतो. त्याला सरकार फुकट वकील देतं म्हणे, आणि आम्हाला सरकारी वकील भेटतसुद्धा नाहीत. गावातले जाणते म्हणतात मिटवा, साक्षीला 'आठवत नाही' म्हणा, ते दोन लाख देतील. मालकांचा रक्तानं भरलेला सदरा अजून पिशवीत आहे, कुणी मागितलाच नाही. कायदा काय फक्त आरोपीसाठीच आहे का?"

उत्तर:

ताई, आधी सदरा. तो प्लास्टिकच्या पिशवीत असेल तर बाहेर काढा. ओलसर रक्त प्लास्टिकमध्ये कोंडून राहिलं की बुरशी धरतं आणि प्रयोगशाळेला त्यातून काही मिळेनासं होतं. धुऊ नका, उन्हात टाकू नका, झटकू नका. सावलीत कोरडा होऊ द्या, कागदी पिशवीत घाला आणि तपासी अंमलदारांना लेखी अर्ज देऊन पंचनाम्यानं ताब्यात घ्यायला सांगा. अडीच महिने तो घरात होता हे अर्जात जसंच्या तसं लिहा. उशीर झाला म्हणून पुरावा बाद होत नाही, पण लपवलेला उशीर उलटतपासणीत बाहेर आला की सदऱ्याबरोबर तुमच्यावरचाही विश्वास जातो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका. यापुढं जे जे अर्ज सांगणार आहोत, त्या प्रत्येकाला हाच नियम.

आता सात नावं. तुमच्या पत्रातली सगळ्यात अवघड जागा हीच आहे. जामिनापेक्षाही अवघड.

भारतीय न्याय संहितेचं कलम १०९, म्हणजे खुनाचा प्रयत्न, यात दुखापत झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. असं कलम ज्याच्यावर लागतं त्याला अटक होऊ शकते, त्याची नोकरी जाऊ शकते, वर्षानुवर्षं तारखांना यावं लागतं. तुमच्या फिर्यादीत हे चार अशा माणसांवर आलंय, जी तिथं नव्हती. त्यांचं काय व्हायचं ते होवो असं तुम्हाला आज वाटत असेल, तरी तुमच्या यजमानांच्या केसचं काय होतं ते बघा. पाळीवरच्या पुतण्याचं हजेरीचं पंचिंग, फाटकावरचा कॅमेरा, मोबाइलचं लोकेशन हे सगळं त्याचा वकील कोर्टापुढं ठेवणार. एक नाव खोटं ठरलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "बाई, हे नाव तुम्ही कुणाच्या सांगण्यावरून घातलं? मग बाकीची सहा?" एक भाग खोटा निघाला म्हणून सगळी साक्ष फेकून द्यावी असा आपल्याकडं नियम नाही, हे खरं. पण कोर्टाला खरं आणि खोटं वेगळं काढता आलं नाही, तर संशयाचा फायदा आरोपीला जातो. आणि तो ज्याच्या हातात कोयता होता त्यालाही जातो.

आणखी एक धोका आहे. तुमचे यजमान शुद्धीवर आल्यावर पोलिसांनी त्यांचा जबाब घेतला असेल. जखमी साक्षीदाराच्या साक्षीला कोर्टात मोठं वजन असतं, कारण तो जागेवर होता हे त्याच्या जखमाच सांगतात. त्यांनी तिघांची नावं सांगितली असतील आणि फिर्यादीत सात असतील, तर नवरा-बायकोच एकमेकांविरुद्ध साक्षीदार ठरतात. 'सगळ्यांनी मिळून मारलं' अशी मोघम फिर्याद जामिनाच्या वेळीही आडवी येते. कुणी काय केलं ते वेगळं करता येत नाही, म्हणून सगळ्यांनाच सौम्य वागणूक मिळते.

यावर इलाज आहे, पण तो दोषारोपपत्र (चार्जशीट) दाखल होण्याआधी करायचा. तपासी अंमलदारांपुढं पुरवणी जबाब द्या. कोण कुठं उभा होता, कोयता कुणाच्या हातात, कुठल्या हातात, वार किती, पहिला कुठं बसला, बाकी दोघांनी काय केलं, आणि राहिलेली चार नावं कशी आली, हे सगळं त्यात यावं. जन्मठेपेच्या गुन्ह्यात पोलिसांनी साक्षीदार हजर केला तर न्यायदंडाधिकाऱ्यांनी जबाब नोंदवावा, अशी तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ मध्ये आहे. तसा जबाब पुढं जास्त टिकतो. चौघांविरुद्ध पुरावा नाही असं दिसलं तर पोलीस त्यांना वगळून दोषारोपपत्र देऊ शकतात. जबाब देण्याआधी वकिलांना मात्र नक्की भेटा, कारण मुद्दाम खोटी माहिती देणं (न्याय संहिता कलम २१७), खोटा आरोप करणं (कलम २४८) हे स्वतंत्र गुन्हे आहेत. स्वतःहून आणि लवकर केलेली दुरुस्ती आणि उलटतपासणीत पकडली गेलेली चूक, यांच्याकडं कोर्ट एकाच नजरेनं बघत नाही.

काठीचंही तसंच. तुमच्या दिराला काठीचा मार लागला असेल आणि त्याचा दाखला त्याच्याकडं असेल, तर तुमच्या फिर्यादीत काठीचा शब्दही नसणं ही त्याच्या वकिलाला आयती मिळालेली भेट आहे. आरोपीच्या अंगावरच्या जखमांचा खुलासा फिर्यादी पक्षानं केला नाही, तर तो घटनेची सुरुवात लपवतोय असा अर्थ काढता येतो. सर्वोच्च न्यायालयानं १९७६ पासून हे सांगितलेलं आहे. उलट काठी मान्य केली तर ती तुमच्या मुलाची ढाल होते. न्याय संहितेच्या कलम ३५ नुसार स्वतःच्याच नव्हे, दुसऱ्याच्या शरीराचंही रक्षण करण्याचा हक्क आहे. बापावर कोयता पडताना मुलानं काठी उचलणं याच कलमात बसतं. अट एवढीच, की धोका संपल्यावर त्यानं मारत राहता कामा नये. म्हणून किती फटके, कुठं, आणि कोयता खाली पडल्यावर एखादा बसला का, हे मुलाच्या वकिलाला खरंखरं सांगा.

इथं मात्र एक पेच आहे. तुम्ही फिर्यादी म्हणून सगळं सांगायचं आणि मुलानं आरोपी म्हणून गप्प राहायचा हक्क राखायचा, या दोन्ही गोष्टी एकाच घरात आल्यात. संविधानाच्या अनुच्छेद २०(३) प्रमाणे त्याला स्वतःविरुद्ध बोलायला कुणी भाग पाडू शकत नाही, आणि पोलिसांपुढं दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही. पण तुमच्या पुरवणी जबाबातली काठी त्याच्या केसमध्ये वापरली जाईलच. म्हणून दोन्ही केसचे कागद एकाच वेळी, एकाच टेबलावर, वकिलांनी वाचल्याशिवाय तुम्ही ठाण्याची पायरी चढू नका. दोन्ही घटना एकच असल्यानं दोन्ही खटले एकाच न्यायाधीशांपुढं, लागोपाठ चालावेत आणि निकाल एकाच वेळी लागावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा दंडक आहे. तसा अर्ज वेळेत द्या. नाहीतर एक केस कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात सत्र न्यायालयात आणि दुसरी दंडाधिकाऱ्यांपुढं अशी वर्षं जातात, आणि एकीकडचा निकाल दुसरीकडं सावली टाकतो.

मुलावर न्याय संहितेच्या कलम ११८(१) सारखं (घातक हत्यारानं दुखापत), तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचं कलम असेल तर सरसकट अटक होत नाही. पोलिसांनी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस द्यायची, त्यानं ठरल्या दिवशी हजर राहायचं. नोटीस पाळली तर अटक करण्यासाठी पोलिसांना लेखी कारण द्यावं लागतं. त्याला एकट्याला पाठवू नका. चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क कलम ३८ मध्ये आहे. आता हे हक्क परत एकदा वाचा, ताई. नोटीस, वकील, गप्प राहण्याची मुभा, अटकेचं कारण कळणं, २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढं हजर करणं. तुमच्या दिराला मिळाले म्हणून तुम्हाला खुपलेले हक्क ते हेच.

भरतीच्या फॉर्मचंही इथंच सांगून टाकतो. 'तुमच्यावर गुन्हा दाखल किंवा खटला प्रलंबित आहे का' या रकान्यात त्यानं 'होय' लिहावं आणि गुन्हा क्रमांक द्यावा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या अवतार सिंग निकालानंतर वाद बहुतेक एकाच गोष्टीवर होतो: माहिती दडवली का? साधी मारामारी उघड सांगितली असेल तर नेमणूक करणाऱ्याला तिचा विचार करता येतो. दडवली असेल तर निर्दोष सुटल्यावरही नोकरी जाऊ शकते.

जामिनाकडं येऊ. ३८ दिवसांत सुटला याचा अर्थ सुटका झाली असा नाही. जामिनाच्या वेळी कोर्ट गुन्हा शाबीत झाला की नाही हे ठरवत नाही. आरोपी पळेल का, साक्षीदारांना हात लावेल का, तपासाला तो आत हवा आहे का, हे बघतं. कोयता जप्त झाला, जबाब झाले, की शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा 'नाही' येतं. शिवाय या गुन्ह्यात ९० दिवसांत दोषारोपपत्र आलं नसतं, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७(३) प्रमाणे जामीन हा त्याचा हक्कच झाला असता, त्यात न्यायाधीशांच्या मर्जीचा प्रश्न नव्हता. या हक्काला नावं ठेवण्यापेक्षा पोलिसांना तारखेची आठवण देत राहा.

कळवलं नाही ही तुमची तक्रार मात्र रास्त आहे. उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खेरीच्या प्रकरणात एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर पीडिताला आपलं म्हणणं मांडण्याचा हक्क आहे, जामिनाच्या अर्जातही. पण तुमच्यासारख्या केसमध्ये नोटीस आपोआप घरी येईल याच्या भरवशावर राहू नका. ई-कोर्ट्सच्या ॲपवर पोलीस ठाणं आणि गुन्हा क्रमांक टाकून शोधता येतं. एकदा केसचा १६ अक्षरी सीएनआर, म्हणजे ओळख क्रमांक, मिळाला की पुढच्या तारखा मोबाइलवर दिसतात. आठवड्यातून एकदा बघायची सवय लावा. कुठल्याही आरोपीचा अर्ज दिसला की मूळ फिर्यादीतर्फे हस्तक्षेपाचा अर्ज टाकायचा, आणि सरकार पक्षाचं म्हणणं, ज्याला कोर्टात सगळे 'से' म्हणतात, ते जायच्या आत आपली कागदपत्रं सरकारी वकिलांच्या हातात पडली पाहिजेत.

आता जामीन रद्द होईल का? आधी जामिनाच्या आदेशाची नक्कल काढा आणि अटी वाचा. बऱ्याच जणांना अटी ठाऊकच नसतात. साक्षीदारांवर दबाव आणायचा नाही, ही अट बहुतेक आदेशांत असते. ती मोडली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८३(३) खाली अर्ज करता येतो. बघून हसतो, यावर कोर्ट काही करणार नाही. पाणंदीत ट्रॅक्टर आडवा लावून वाट अडवतो, यावर करेल, पण त्याची नोंद हवी. ज्या दिवशी अडवलं त्याच दिवशी ११२ वर फोन करा, ठाण्यात लेखी तक्रार द्या, वेळ लिहा, ट्रॅक्टरचा नंबर दिसेल असा फोटो काढा. ज्या फोननं काढला तो फोन विकू नका, रिसेट करू नका; व्हॉट्सॲपवर फिरलेली प्रत कामाची नाही. असा पुरावा दाखल करताना साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक फोनवाल्यानं द्यायचा, दुसरा तज्ज्ञानं, आणि दोन्हींत फाइलची हॅश व्हॅल्यू येते, म्हणजे फाइल बदलली तर लगेच बदलणारा तिचा सांकेतिक आकडा. बरेच चांगले व्हिडिओ केवळ हा कागद नसल्यानं अडतात.

तुमच्या भावाला बहुतेक वाटत असेल की 'त्याला तालुक्याबाहेर काढा' अशी अट मागावी. आमचं मत वेगळं आहे. त्याचाही ऊस तोडीला आलाय, घरात माणसं आहेत. गावबंदी मागितली की त्याचा वकील पोटापाण्याचा प्रश्न मांडतो आणि पहिल्याच अर्जात अट सैल होते. त्यापेक्षा नेमकं मागा: तुमच्या गट नंबरच्या बांधापासून आणि पाणंदीच्या तुमच्या बाजूपासून लांब राहायचं, तुमच्या यजमानांची साक्ष पूर्ण होईपर्यंत कुटुंबातल्या कुणाशी थेट किंवा दुसऱ्यामार्फत बोलायचं नाही. अशी अट तुमची गरज भागवते आणि त्याचं जगणं बंद करत नाही, म्हणून ती टिकते.

पाणंदीसाठी फौजदारी केसची वाट बघायचीही गरज नाही. शेताची वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडं दावा होतो; अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करायचा. पुन्हा मारामारीची भीती असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली शांतता राखण्याचा बाँड घेता येतो, ज्याला आपल्याकडं चॅप्टर केस म्हणतात. (वाट अडवण्याचा गुन्हा न्याय संहितेत कलम १२६ मध्येच आहे. आकडा एकच, कायदे दोन. अर्जात संहितेचं नाव लिहा, नाहीतर टेबलावरचा माणूसही गोंधळतो.) चॅप्टरमध्ये पोलीस बहुधा दोन्ही बाजूंना बोलावतात, हे ध्यानात ठेवून जा. थेट जिवाची धमकी असेल तर साक्षीदार संरक्षण योजना २०१८ आहे: जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडं अर्ज, पोलीस उपअधीक्षकांकडून धोक्याचा अहवाल पाच कामाच्या दिवसांत, आणि संरक्षण एका वेळी जास्तीत जास्त तीन महिने.

सरकारी वकील भेटत नाहीत, म्हणता. ते तुमचे वकील नाहीत, राज्याचे आहेत, आणि त्यांच्या टेबलावर एकाच दिवशी बरीच प्रकरणं असतात. तुम्ही स्वतःचा वकील देऊ शकता; नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८(८) मध्ये तशी तरतूद आहे. पण फी ठरवण्याआधी एवढं समजून घ्या, की सत्र खटल्यात तो सरकारी वकिलांच्या सूचनेनं काम करतो. साक्षीदारांची उलटतपासणी तो स्वतः घेऊ शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या रेखा मुरारका निकालात स्पष्ट झालंय. पुरावा संपल्यावर परवानगीनं लेखी युक्तिवाद देऊ शकतो. मग त्याला कशाला घ्यायचं? तर आधीच्या कामासाठी. दोषारोपपत्राची प्रत पीडितालाही मिळते, पण कलम २३० प्रमाणे वकील दिलेला असेल तरच, आरोपी हजर झाल्यापासून १४ दिवसांत. ती वाचून डॉक्टरांचा जबाब राहिलाय, मुद्देमालाचा प्रयोगशाळेचा अहवाल नाही, शेजारच्या शेतातल्या माणसाला विचारलंच नाही, असल्या उणिवा दोषारोप निश्चित होण्याआधी दाखवून पुढील तपास मागायचा असतो. निकालाच्या दिवशी हे दाखवून काही होत नाही. आणि तपासाची प्रगती ९० दिवसांत फिर्यादीला कळवणं हे पोलिसांचं कायद्यानं काम आहे. तुमचे ९० दिवस भरत आलेत, तेवढाच हवाला देऊन अर्ज करा.

फुकट वकिलाबद्दल. तो दिराला मिळतो तसा तुम्हालाही मिळतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ नुसार महिलेला उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत आहे. न्यायसंकुलातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. गंमत अशी, की गरीब आरोपीला बचावाचा वकील हेच कार्यालय देतं आणि पीडिताच्या भरपाईचा अर्जही हेच कार्यालय बघतं. आरोपीला बरा वकील मिळणं तुमच्याही फायद्याचं आहे. मध्य प्रदेशातल्या अनोखीलाल प्रकरणात, एका लहान मुलीवरच्या अत्याचाराच्या आणि खुनाच्या खटल्यात, आरोपीचा वकील ज्या दिवशी नेमला त्याच दिवशी दोषारोप ठेवले गेले, पंधरवड्यात खटला उरकला आणि फाशी झाली. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती शिक्षा रद्द केली आणि खटला पुन्हा चालवायला सांगितला. बचावाला वेळच दिला नाही, म्हणून त्या मुलीच्या घरच्यांना सहा वर्षांनी परत पहिल्या पायरीवर यावं लागलं.

दवाखान्याचे कागद. सीपीआरला दाखल करताना एमएलसी नोंदीत, म्हणजे पोलीस केस म्हणून दवाखाना करतो त्या नोंदीत, 'कोणी, कशानं' या जागी काय लिहिलंय ते आधी बघा. घाबरलेल्या माणसानं 'पडला' असं सांगितलेलं असतं आणि दोन वर्षांनी तेच वाक्य समोर येतं. तसं असेल तर कुणी सांगितलं ते वकिलांना आत्ताच सांगा. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनच्या नोंदी, एक्स-रे, फिजिओथेरपीच्या तारखा जपून ठेवा. बोटं मिटत नाहीत ही नोंद डॉक्टरांच्या हातची हवी. न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये अवयवाची किंवा सांध्याची शक्ती कायमची कमी होणं ही गंभीर दुखापत आहे, आणि १५ दिवस रोजचं काम करता न येणं हीसुद्धा. जुन्या कायद्यात हे २० दिवस होते. टेंडनच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीच्या) दुखापतीत किती ताकद परत येते हे कळायला काही महिने लागतात, म्हणून पहिल्या दाखल्यावर थांबू नका. नंतरची तपासणी करून तो अहवालही तपासात द्या.

भरपाईच्या वाटा दोन. एक, शिक्षा झाल्यावर कोर्ट आरोपीला द्यायला लावतं (नागरिक सुरक्षा संहिता कलम ३९५). अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणे प्रत्येक फौजदारी प्रकरणात कोर्टानं भरपाईचा विचार करायलाच हवा. तरी मागितल्याशिवाय ती राहून जाते, म्हणून शिक्षेवरच्या सुनावणीला बिलांचा एकूण आकडा लेखी द्यायचा. दुसरी वाट सरकारी निधीची, कलम ३९६ आणि राज्याची पीडित भरपाई योजना. इथं आरोपीला शिक्षा होणं गरजेचं नाही. तो निर्दोष सुटला तरी पीडिताच्या पुनर्वसनासाठी कोर्ट शिफारस करू शकतं. तातडीच्या उपचारासाठी किंवा अंतरिम मदतीसाठी ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याच्या किंवा दंडाधिकाऱ्यांच्या दाखल्यावर प्राधिकरण आधीही काही देऊ शकतं. फिर्यादीची प्रत, डिस्चार्ज कार्ड, मूळ बिलं, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, बँक पासबुक घेऊन जा. पक्क्या बिलाशिवाय औषधं घेतली असतील तर दुकानदाराकडून आत्ताच बिलं मागा, वर्षानं तो देणार नाही. तुमच्या आजच्या खर्चाचा आणि दिराच्या शिक्षेचा संबंध लावून बसलात, तर बोटांचे व्यायाम निकालापर्यंत थांबतील.

राहिलं मिटवामिटवीचं. भावकीत एका पाणंदीवरून रोज जायचं असतं, तडजोडीला आमचा विरोध नाही. विरोध 'आठवत नाही' या वाक्याला आहे. शपथेवर खोटं सांगणं हा न्याय संहितेच्या कलम २२९ चा गुन्हा आहे, आणि तो तुमच्या किंवा यजमानांच्या नावावर येईल, सल्ला देणाऱ्या जाणत्यांच्या नाही. दोन लाखांचं पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर काही लिहून घेतलं तरी कोर्टात त्याचा उपयोग नाही. न्याय संहितेची कलमं १०९ आणि ११८(२) (घातक हत्यारानं गंभीर दुखापत) तडजोडपात्र नाहीत. तंटामुक्ती समिती, ठाणं किंवा सत्र न्यायालय कुणीही ती केस मिटवू शकत नाही. दोन्ही बाजूंनी मनापासून मिटवायचं असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली उच्च न्यायालयात जावं लागतं, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं, मुंबईची खेप राहिलेली नाही. तिथंही परवानगी हमखास नाही. खुनाच्या प्रयत्नाच्या केसमध्ये वार शरीराच्या कुठल्या भागावर, हत्यार कुठलं, जखम किती खोल, खटला कुठल्या टप्प्यावर, हे बघून कोर्ट ठरवतं. डोक्यावरचे ११ टाके तुमच्या बाजूनं आणि तडजोडीच्या विरुद्ध बोलतात. जखमी व्यक्ती राजीखुशीनं बोलतेय का, हेही विचारतात, म्हणून यजमानांना तिथं उभं राहून खरंच 'हो' म्हणता येईल का, ते त्यांनाच विचारा. गावाला नको, तुमच्या भावालाही नको.

आणि तसं ठरलंच, तर क्रम असा ठेवा: आधी भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांकडं सरकारी मोजणीचा अर्ज, दोन्ही घरांच्या सह्यांनी, मग खुणा रोवून बांध पक्का, मग उपचाराच्या खर्चाचा आकडा प्रतिज्ञापत्रात आणि रक्कम कोर्टाच्या नोंदीत, आणि दोन्ही गुन्हे एकाच वेळी रद्द करण्याची मागणी. एकच रद्द करून घेतला आणि मुलाचा राहिला, तर भरतीच्या रकान्यात 'होय' तसंच राहील आणि बदल्यात द्यायला तुमच्या हातात काही उरणार नाही.